खऱ्या वाचकालाच ‘स्पॅम’ ठरवणारी साइट: अडतंय कुठे ते शोधून दुरुस्ती कशी करायची

तक्रारी नेहमी एकाच सुरात येतात. “तुमच्या साइटवर प्रतिक्रिया जातच नाही.” “फॉर्म भरला तर म्हणे मी रोबोट.” “काल चालत होतं, आज प्रवेश नाकारला.” साइट सांभाळणारा आपल्या लॅपटॉपवर करून बघतो तर सगळं सुरळीत. कारण तो ॲडमिन म्हणून लॉगिन केलेला असतो, आणि बहुतेक फिल्टर ॲडमिनला तपासतच नाहीत. शेवटी वैतागून स्पॅम अडवणारं प्लगइन (साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) बंद केलं जातं. दोन दिवसांत सट्टा मटका, झटपट कर्ज आणि कॅसिनोच्या जाहिरातींनी पानं भरतात, प्लगइन पुन्हा चालू होतं आणि तक्रारीही पुन्हा चालू.

‘फिल्टर’ नावाची एकच वस्तू नसते, म्हणून हे असं होत राहतं. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साध्या साइटवरसुद्धा वाचकाने बटण दाबल्यापासून मजकूर डेटाबेसात पडेपर्यंत चार-पाच चौक्या लागतात. सगळ्यात पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारं जाळं), मग होस्टिंगवरचं मॉडसेक्युरिटी (येणारी विनंती नियमांवर तपासणारं), आयपी, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता, अडवणारं फेलटूबॅन, पानावरचा कॅप्चा (समोर माणूसच आहे ना ते तपासणारा) किंवा सापळा (फक्त रोबोट फसेल अशी लपवलेली युक्ती), आणि शेवटी मजकूर वाचणारं ॲकिस्मेटसारखं प्लगइन. एकीने काय केलं ते दुसरीला ठाऊक नसतं. तेव्हा कोणत्या चौकीवर अडलं ते आधी पक्कं करा आणि सूट फक्त तिथेच द्या.

वाचकाकडून काय मागवायचं

‘जात नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. पानाचा पत्ता, मिनिटासकट वेळ, मोबाइल डेटा होता की वायफाय, अडवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यावर खाली रे आयडी (क्लाउडफ्लेअर प्रत्येक विनंतीला देतं तो क्रमांक) असेल तर तो, आणि पाठवलेला मजकूर जसाच्या तसा मागवा. मजकुराचा फोटो चालणार नाही. तो कॉपी करून मेलनेच यायला हवा, कारण मराठीत निम्मा घोळ डोळ्यांना न दिसणाऱ्या चिन्हांचा असतो. वेळ जुळवताना सर्व्हरचा लॉग (नोंदवही) बहुधा यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागच्या वेळेत, असतो हे लक्षात ठेवा. रात्री ९ ची तक्रार लॉगमध्ये दुपारी साडेतीनला सापडेल.

कोणती चौकी?

अडवणाऱ्या पानाचं रूप आणि एचटीटीपी क्रमांक (४०३ सारखा, सर्व्हरच्या उत्तराचा) यांवरून निम्मं काम होतं. रे आयडी असलेलं पान क्लाउडफ्लेअरचं. क्लाउडफ्लेअरच्या खात्यात सिक्युरिटी इव्हेंट्समध्ये तो आयडी टाकला की नेमकी कोणत्या सुविधेने अडवलं ते नावासकट दिसतं. त्या पानावर १०१५ क्रमांक म्हणजे विनंत्यांची मर्यादा ओलांडली, १०२० म्हणजे तुम्हीच लिहिलेल्या एखाद्या नियमात वाचक सापडला. नुसतं कोरं ४०३ किंवा ४०६ चं पान आलं आणि रे आयडी नसेल तर संशय मॉडसेक्युरिटीवर. पान उघडतच नाही, नुसतं फिरत राहतं, पण त्याच घरातल्या दुसऱ्या कनेक्शनवरून उघडतं, तर आयपी फायरवॉलमध्ये अडकलाय. साइटच्याच रंगरूपात, फॉर्मच्या खाली लाल अक्षरांत संदेश आला तर काम प्लगइनचं किंवा कॅप्चाचं.

पाचवा प्रकार सगळ्यात वाईट: ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असं दिसतं आणि संदेश कुठेच नसतो. त्याबद्दल पुढे.

हे तपासताना ॲडमिन म्हणून लॉगिन असलेला ब्राउझर वापरू नका. खासगी खिडकी उघडा, फोन वायफायवरून काढून मोबाइल डेटावर आणा आणि तोच मजकूर चिकटवून पाठवा.

एका आयपीमागे शेकडो माणसं

भारतातल्या मोबाइल ग्राहकांना बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता मिळत नाही. कंपनी अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवते. त्यातल्या एकाच्या फोनमधल्या भलत्या ॲपने कुठे स्पॅम पाठवला, की त्या पत्त्यामागचे सगळे बदनाम. म्हणूनच तोच वाचक काल चालला आणि आज अडला, असं होतं.

इथे चार गोष्टी बघायच्या.

फेलटूबॅनची मूळ मांडणी दहा मिनिटांत ५ चुका झाल्या तर दहा मिनिटांची बंदी, अशी असते. ती ठीक आहे. पण ‘कायमचीच घालू’ म्हणून बंदीचा काळ उणे एक केलेला असेल तर तो आधी बदला. सामायिक आयपीवर कायमची बंदी म्हणजे उद्या त्या पत्त्यावर येणाऱ्या कुठल्याही माणसाला शिक्षा.

दुसरं, साइट क्लाउडफ्लेअरमागे असेल तर सर्व्हरला वाचकाचा खरा आयपी दिसतो का? वर्डप्रेसच्या प्रतिक्रियांच्या यादीत आयपी बघा. सगळे १७२.६४, १०४.१६ किंवा १६२.१५८ ने सुरू होत असतील तर ते क्लाउडफ्लेअरचे स्वतःचे पत्ते आहेत. अशा वेळी फेलटूबॅनने एक आयपी अडवला की वाचकांचा अख्खा गठ्ठा बाहेर फेकला जातो, आणि ॲकिस्मेटला सगळे वाचक दोन-चार पत्त्यांवरचे वाटतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये खरा आयपी सीएफ-कनेक्टिंग-आयपी या हेडरमधून (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीतून) घ्यायला सांगा, पण तो हेडर फक्त क्लाउडफ्लेअरच्या जाहीर पत्त्यांकडून आला तरच माना. नाहीतर कोणीही खोटा हेडर लावून येईल.

तिसरं, काळ्या याद्या. काही प्लगइन वाचकाचा आयपी स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन यादीत शोधतात. त्या यादीत पीबीएल नावाचा भाग आहे. त्यात घरगुती आणि मोबाइल जोडण्यांचे पत्ते मुद्दामच घातलेले असतात, कारण त्यांनी थेट मेल सर्व्हर चालवू नये एवढाच त्याचा अर्थ. वाचक घरूनच साइट वाचणार ना! यादीकडून उत्तर १२७.०.०.१० किंवा १२७.०.०.११ आलं तर ते पीबीएलचं, त्यावरून वेब-वाचकाला अडवायचं नाही. आणखी एक जुना घोळ: सर्व्हर गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतून) विचारत असेल तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. ते ‘इथून विचारू नका’ असं सांगणारं असतं. ‘१२७ ने सुरू होणारं काहीही आलं तर अडव’ असं लिहिलेलं प्लगइन त्या क्षणापासून प्रत्येकाला अडवतं. सगळे वाचक एकाच दिवसापासून अडायला लागले असतील तर हे आधी तपासा. स्टॉपफोरमस्पॅम ही स्पॅमरांची यादी वापरत असाल तर तपासणी ईमेलवर ठेवा. आयपी सापडला तरी अलीकडे दिसलाय का ते बघा, आणि नावावरून तर अजिबात अडवू नका. ‘राहुल’ नावाने कुठे ना कुठे स्पॅम गेलेलाच असतो.

चौथं, सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) द्या. जिओसारख्या नेटवर्कवर फोनला आयपीव्ही६ मिळतोच. तुमची साइट फक्त आयपीव्ही४ वर असेल तर तो वाचक नाइलाजाने सामायिक पत्त्यावरून येतो. डीएनएसमध्ये क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद घातली की ही गर्दी बरीच पांगते. मात्र आयपीव्ही६ वर विनंत्यांची मोजणी सुट्या पत्त्याने न करता /६४ च्या गटाने (पहिला अर्धा भाग सारखा असलेले पत्ते एकत्र धरून) करा, कारण एकाच जोडणीतला फोन पत्ते बदलत राहतो.

वर्डप्रेसच्या ‘नाकारलेल्या शब्दां’च्या चौकटीत आयपी टाकायची सवय असेल तर सावध. तिथे जुळणी तुकड्याने होते. २०३.०.११३.५ लिहिलंत तर २०३.०.११३.५६ सुद्धा अडतो.

देवनागरीमुळे होणारी अडचण

हा भाग इंग्रजी मदत-पानांवर सहसा सापडत नाही, आणि मराठी साइटवर जास्तीत जास्त खरे वाचक इथेच अडतात.

आधी नावाचा रकाना. ‘फक्त अक्षरं चालतील’ असा नियम अनेक फॉर्ममध्ये ए ते झेड एवढाच असतो. थोडा शहाणा प्रोग्रामर युनिकोडमधला (प्रत्येक अक्षर-चिन्हाला संकेतांक देणाऱ्या पद्धतीतला) ‘एल’ हा अक्षरांचा वर्ग वापरतो आणि निर्धास्त होतो. पण ‘स्वाती’ या नावात सहा संकेत आहेत: स, व, त ही तीन अक्षरं, आणि हलन्त, काना, दुसरी वेलांटी ही तीन चिन्हं. चिन्हं ‘एम’ वर्गात येतात. नियमात एल आणि एम दोन्ही हवेत, शिवाय टिंब, मोकळी जागा आणि दोन शून्य-रुंदीचे जोडक (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी, न दिसणारी चिन्हं), म्हणजे यू+२००सी आणि यू+२००डी.

हे जोडक का? ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला ऱ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड वेगळा ऱ, म्हणजे यू+०९३१, वापरतात. काही साधा र, हलन्त आणि यू+२००डी असे तीन संकेत देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण इंग्रजी स्पॅमर शब्द तोडून फिल्टर चुकवायला शून्य-रुंदीची चिन्हं वापरतात, म्हणून कित्येक फिल्टर ती दिसली की स्पॅमचे गुण वाढवतात किंवा थेट नाकारतात. दुसरे गुपचूप काढून टाकतात, मग ‘शेतकऱ्यांना’चं रफारवालं ‘शेतकर्यांना’ होतं. नियम असा सुधारा: यू+२००डी हलन्तानंतर आला किंवा दोन इमोजींच्या मध्ये आला तर निर्दोष, दोन रोमन अक्षरांच्या मध्ये आला तर संशयित.

मग बंदी घातलेले शब्द. सट्ट्याच्या जाहिरातींना कंटाळून ‘मटका’ हा शब्द यादीत टाकला जातो. त्या दिवसापासून मटका कुल्फीची पाककृती आणि मटका सिंचनाची माहिती तर अडतेच, पण ‘मुंबईने विजेतेपद मटकावले’ हेही अडतं. ‘लोन’ टाकलंत तर ‘सलोनी’ नावाची प्रत्येक वाचक अडते. वर्डप्रेस शब्द न बघता अक्षरांचा तुकडा बघतं.

यावर सगळे सांगतात, ‘बॅकस्लॅश बी (शोध-नमुन्यातली खूण) लावा, शब्दाची सीमा धरली जाईल.’ देवनागरीत हा उपाय उलटा पडतो. जावास्क्रिप्टमध्ये ती सीमा फक्त रोमन अक्षरांना कळते, त्यामुळे मराठी शब्द कधी जुळतच नाही. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत युनिकोड चालू केलं तरी काना हा शब्दाचा भाग धरला जात नाही. परिणाम असा की ‘मटका’ नंतर मोकळी जागा असेल तर सीमा सापडत नाही आणि सट्टेवाला सुटतो. ‘मटकावले’मध्ये कान्यानंतर ‘व’ येतो, तिथे सीमा सापडते आणि क्रिकेटवाला पकडला जातो. बरोबर रीत अशी: शब्दाच्या आधी आणि नंतर एल किंवा एम वर्गातलं काही नसावं, अशी मागे-पुढे बघणारी अट लिहायची. सामान्यरूप वेगळं लिहायला विसरू नका, ‘मटका’ने ‘मटक्याचा’ सापडत नाही. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ दिसायला एक असले तरी संकेत वेगळे, म्हणून दोन्ही लिहा.

खरं तर सुट्या शब्दावर अडवणंच चूक. ‘मटका’ सोबत ‘ओपन-क्लोज’, ‘गेसिंग’ यांपैकी काही आणि फोन नंबर किंवा लिंक, असं एकत्र आलं तरच रोखा. बाकी शब्द ‘नाकारलेल्या’ यादीतून उचलून ‘तपासणीच्या रांगेत ठेवा’ या दुसऱ्या यादीत टाका. पहिल्या यादीत सापडलेली प्रतिक्रिया सरळ कचरापेटीत जाते, दुसरीतली तुमच्या नजरेखालून जाते.

लांबीचे नियमही तपासा. देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचा असतो. बाइट मोजणाऱ्या फॉर्ममध्ये हजाराची मर्यादा म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ३३३ संकेत. आणि मराठी विकिपीडियाची लिंक चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची माळ तयार होते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचे पत्त्यात ९० अक्षरं होतात. ‘लांब लिंक आणि खूप टक्के म्हणजे स्पॅम’ हा नियम मराठी साइटवर बंदच ठेवा.

भाषा ओळखून अडवणारी सुविधाही बंद ठेवलेली बरी. दोन-चार शब्दांच्या प्रतिक्रियेत मराठी आणि हिंदीत गल्लत होते, आणि रोमन लिपीत लिहिलेलं ‘छान लिहिलंय’ भलत्याच भाषेत मोजलं जातं.

मॉडसेक्युरिटी

मॉडसेक्युरिटीसोबत सहसा वापरल्या जाणाऱ्या, ओवास्प या संस्थेच्या नियमसंचात प्रत्येक गंभीर नियमाला ५ गुण आणि अडवण्याची मूळ मर्यादाही ५ च असते. म्हणजे एक गंभीर नियम लागला की संपलं. लॉगमध्ये शेवटी ९४९११० हा नियम दिसतो आणि लोक तोच बंद करतात. तो फक्त बेरीज बघून दार लावतो. तो काढलात तर आत येणाऱ्या कशालाच अडवणारं कोणी उरत नाही. त्याच विनंतीचा युनिक आयडी धरून वरच्या ओळी वाचा, खरा नियम तिथे असतो.

९२०२७२ दिसला तर कारण उघड आहे. हा नियम साध्या रोमन छपाई-चिन्हांपलीकडचं काही आलं की गुण देतो, म्हणजे मराठीचं प्रत्येक वाक्य गुन्हेगार. तो पॅरानोया पातळी (तपासणीचा कडकपणा) ३ वर लागतो. मूळ पातळी १ असते, कोणीतरी ‘जास्त सुरक्षित’ म्हणून वाढवलेली असणार. मराठी साइटला १ किंवा फार तर २ ठेवा. पातळी २ वर ९४२४३० हा नियम एका रकान्यात १२ किंवा जास्त विशेष चिन्हं आली की लागतो. अवतरणं, कंस आणि उद्गारचिन्हं भरपूर वापरणाऱ्या वाचकाला तिथे गुण चढतात. अख्खा नियम न काढता फक्त प्रतिक्रियेच्या रकान्यापुरती सूट द्या.

शेअर्ड होस्टिंगवर हा लॉग तुम्हाला दिसणार नाही. होस्टिंगवाल्याला वेळ, आयपी आणि पानाचा पत्ता पाठवून ‘कोणता नियम क्रमांक लागला?’ एवढंच विचारा. ‘मॉडसेक्युरिटी बंद करून देतो’ हे उत्तर घेऊ नका.

क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेत बॉट फाइट मोड (रोबोट अडवण्याची सोय) चालू असेल आणि तोच खऱ्या लोकांना अडवत असेल, तर वगळण्याचा नियम लिहून उपयोग नाही, तो त्याला जुमानत नाही. मोड बंद करा आणि फक्त फॉर्मच्या पानावर टर्नस्टाइल (क्लाउडफ्लेअरचा कॅप्चा) लावा.

कॅप्चाची मुदत, सापळे आणि सावकाश लिहिणारे

रीकॅप्चा या गूगलच्या कॅप्चाचं टोकन (‘हा माणूस आहे’ अशी पावती) दोन मिनिटं टिकतं आणि एकदाच चालतं. पुष्कळ फॉर्म ते पान उघडतानाच घेतात. ज्येष्ठ वाचक शांतपणे दहा मिनिटं लिहितो, बटण दाबतो, आणि तोपर्यंत टोकन शिळं. लांब, विचारपूर्वक लिहिलेल्या प्रतिक्रियाच नेमक्या अडतात आणि ‘छान!’ जातं, अशी तक्रार आली की हेच समजा. टोकन बटण दाबल्यावर घ्यायला लावा. टर्नस्टाइलचं टोकन पाच मिनिटांचं असतं, उपाय तोच. रीकॅप्चाच्या तिसऱ्या आवृत्तीत (ती ० ते १ गुण देते) ०.५ ची रेघ नाकारण्यासाठी वापरू नका. त्याखालच्यांना तपासणीच्या रांगेत ठेवा.

पान कॅशमध्ये (तयार पानांच्या साठवलेल्या प्रतींत) किती वेळ राहतं तेही बघा. वर्डप्रेसचा नॉन्स (फॉर्मसोबतचा सुरक्षा-संकेत) १२ ते २४ तासांत शिळा होतो. कॅश दोन दिवसांची असेल तर सकाळी चालणारा फॉर्म संध्याकाळी ‘सुरक्षा तपासणी फसली’ म्हणतो. फॉर्मच्या पानांची कॅश १० तासांच्या आत ठेवा.

लपवलेल्या सापळ्याच्या रकान्याला ‘वेबसाइट’, ‘फोन’, ‘पत्ता २’ अशी नावं देऊ नका. ब्राउझर ती आपोआप भरून टाकतो आणि माणूस रोबोट ठरतो. अर्थहीन नाव द्या आणि रकाना पूर्ण अदृश्य करा. नुसता पडद्याबाहेर ढकललात तर स्क्रीन रीडर तो वाचतो आणि अंध वाचक तो इमानदारीने भरतो.

किती कळा दाबल्या ते मोजणारे सापळे तर काढूनच टाका. अँड्रॉइडवर मराठी कीबोर्ड कळीऐवजी २२९ हा एकच क्रमांक देतो, बोलून टाइप करणाऱ्याच्या कळा उमटतच नाहीत, आणि व्हॉट्सॲपमध्ये लिहून इथे चिकटवणारे पुष्कळ. ‘पाच सेकंदांच्या आत आलं तर स्पॅम’ हा नियमही याच लोकांना मारतो.

गुपचूप टाकून देणं बंद करा

ॲकिस्मेटमध्ये ‘सर्वात वाईट स्पॅम आपोआप टाकून द्या, मला दाखवू नका’ असा पर्याय आहे. निदान चूक शोधेपर्यंत तो बंद ठेवा. स्पॅमच्या खणातलं १५ दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून तो खण आठवड्यातून एकदा तरी चाळा. मराठी मजकूर आणि शून्य लिंक असलेली नोंद दिसली की ‘स्पॅम नाही’ दाबा. वाचकाला पुन्हा पाठवायला सांगून दुसरी प्रत मंजूर केलीत तर ॲकिस्मेटला चूक कळत नाही. साइटची भाषा सेटिंग्जमध्ये मराठी ठेवा, तपासणीसोबत ती कळवली जाते. एखादा वाचक सगळ्याच साइटवर अडत असेल तर त्याने स्वतः ॲकिस्मेटच्या संपर्क-पानावरून कळवावं, तशी सोय आहे.

संपर्क-फॉर्मची नोंद डेटाबेसात आहे पण मेल आला नाही, हे वेगळं दुखणं. फॉर्म वाचकाच्याच याहू-जीमेल पत्त्यावरून मेल पाठवत असेल तर डीएमएआरसीमुळे (प्रेषकाचं डोमेन खरं आहे का ते तपासणाऱ्या पद्धतीमुळे) तो नाकारला जाऊ शकतो किंवा स्पॅममध्ये पडतो. प्रेषक म्हणून आपल्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि वाचकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला.

नकाराचा संदेशही बदला. ‘आपण स्पॅमर आहात’ असं लिहू नका. ‘संदेश तपासणीसाठी थांबवला आहे, पुन्हा पाठवण्याची गरज नाही’ असं लिहा आणि खाली फिल्टरमधून न जाणारा एक ईमेल पत्ता द्या. नाहीतर वाचक बटण पुन्हा पुन्हा दाबतो. वर्डप्रेस १५ सेकंदांच्या आतली दुसरी प्रतिक्रिया थांबवतं, हुबेहूब तोच मजकूर नाकारतं, आणि वरून विनंत्यांची मर्यादाही ओलांडली जाते. एका अडथळ्याचे तीन होतात आणि लॉग वाचणं कठीण होऊन बसतं.

वाचक अडला असेल तर

मजकूर आधी कॉपी करून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत आणा, बहुधा आयपी बदलतो. व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारं डीएनएस बंद करा, फोनची वेळ ‘आपोआप’वर ठेवा. तरीही ‘आपण माणूस आहात का’ हे पान फिरतच राहिलं तर रे आयडीचा स्क्रीनशॉट साइटवाल्याला पाठवा.

बदल केल्यावर

दर वेळी हेच सहा नमुने लॉगिन न करता, मोबाइल डेटावरून पाठवून बघा: ‘शेतकऱ्यांना’ दोन्ही प्रकारच्या ऱ ने, ‘विजेतेपद मटकावले’, मराठी विकिपीडियाची एक लिंक, १५ अवतरणचिन्हं असलेला परिच्छेद, बोलून टाइप केलेली एक ओळ, आणि पान उघडून पंधरा मिनिटांनी पाठवलेला मजकूर. सातवा नमुना सट्ट्याच्या खऱ्या जाहिरातीचा ठेवा, तो अडलाच पाहिजे. प्लगइन किंवा नियमसंच अद्ययावत झाला की हे सात पुन्हा चालवा, कारण अद्ययावत करताना हाताने दिलेली सूट काही वेळा पुसली जाते.